पाटाच्या रस्त्याला चालेल अशी घंटी

१

वडाळा नाक्याजवळच्या हारुनशेठच्या सायकल दुकानात गिऱ्हाइकाला स्वतःची सायकल स्टँडला लावायची मुभा नव्हती. माणूस दारात आला की हारुन उठायचा, "या, द्या इकडे" म्हणायचा आणि एक हात हँडलला, एक सीटला घालून सायकल त्याच्या हातातून आपल्या हातात घ्यायचा. मग तो साहेब असो की भाजीवाला. ही सवय अब्बांची. अब्बा म्हणायचे, नाडी धरल्याशिवाय वैद्य औषध देतो का? सायकल हातात आली की तिचं दुखणंही कळतं आणि मालकाचा स्वभावही.

दुसरी सवय हारुनची स्वतःची. वस्तू बसवून दिली की तो हात पुसत म्हणायचा, "कुणी विचारलं कुठून बसवली, तर आपलं नाव सांगायचं बरं." दुकानाची जाहिरात ती एवढीच. चौथीत शाळा सुटलेला माणूस, इंग्रजी अक्षरं टायरच्या कडेवर वाचून शिकलेला. पण नाक्यावर मोठमोठी काचेची दुकानं आली आणि गेली, हारुनचं चालू होतं ते या वाक्यावर.

मागच्या भिंतीला काही सायकली वर्षानुवर्षं उभ्या होत्या. "एवढं करून ठेवा, आलोच," असं म्हणून गेलेल्या लोकांच्या. एकीच्या बास्केटमध्ये मांजर व्यायली होती, आणि त्या पिल्लांचीही आता नातवंडं नाक्यावर फिरत होती. हारुन त्या सायकलींवरची धूळ झटकायचा, हवा भरायचा. गिऱ्हाइकाचा माल आहे, खराब होऊ देता येत नाही.

तर थंडीतल्या एका दुपारी चैताली आली. पलीकडच्या कॉलनीतली पोर, अंबडला औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये लागलेली. पहिल्या पाळीला सायकलने जायची, दुपारी परत. हारुनने सायकल तिच्या हातातून घेतली.

"चाचा, ही घंटी बदलून द्या."

"का? वाजत नाही?"

"वाजते की." तिने वाजवून दाखवली. समोर चहाच्या गाडीवर भिकनने मान वर केली. रस्ता ओलांडणारं कुत्रं थांबलं.

"मग?"

"एक माणूस सरकत नाही."

हारुन हसला. आयुष्यभर घंट्या विकल्या, ही तक्रार पहिल्यांदाच ऐकली. "अगं, सगळे सरकतात ना?"

"सगळे सरकतात. तो नाही सरकत. पाटाच्या रस्त्याला, वडाळागाव सोडलं की. एका बाजूला पाट, एका बाजूला तारेचं कुंपण, आणि हा मधोमध. मी घंटी वाजवते, अहो काका म्हणून ओरडते. ढिम्म. मग उतरून त्याच्या मागे चालत जायचं, मोरी येईपर्यंत. तिथे जरा जागा आहे, तिथून पुढे निघते. रोज उशीर. चाचा, अजून कायम व्हायचंय मला. परत उशीर झाला तर विचार करावा लागेल, असं सुपरवायझर परवा सगळ्यांसमोर बोलले."

"मग हायवेने जा."

चैतालीने स्वेटरची बाही वर करून कोपर दाखवलं. पावसाळ्यात ट्रकने खेटलं होतं, ते. "पप्पांनी शपथ घातलीय. सायकल पाटाने न्यायची, नाहीतर घरी बसायचं."

"धक्का मारून निघायचं की त्याला. हलकेच."

तिने बाही खाली ओढली. मग म्हणाली, "हात लावावासा वाटत नाही."

२

घंटी कानाने निवडायची नसते, अंगठ्याने निवडायची असते, हे हारुनचं ठाम मत. हरसूलच्या एका पोस्टमनची गोष्ट तो यासाठी नेहमी सांगायचा. घाटउताराला त्याची घंटी ऐन वेळी वाजायची नाही, म्हणून त्याने मोठी नेली, आणखी मोठी नेली. शेवटी हारुनने त्याचा अंगठा पाहिला. हापूस आंब्याच्या कोयीएवढा. बिचाऱ्याला खटका सापडतच नव्हता. लांब खटक्याची साधी घंटी दिली, आणि पोस्टमन रिटायर होईपर्यंत दिवाळीला नागलीचे पापड पाठवत राहिला.

चैताली थंडीत लोकरीचे हातमोजे घालायची. हारुनने तिचा अंगठा पाहिला, दुहेरी वाटीची, लांब खटक्याची घंटी काढली आणि बसवली. "आता तुझा तो काका पाटात उडी मारतो का नाही बघ. आणि कुणी विचारलं तर…"

"तुमचं नाव सांगायचं. पाठ झालंय, चाचा."

दुसऱ्या दिवशी ती परत.

"सरकला?"

"नाही. पण मान हलवली. थोडीशी. म्हणजे ऐकू येतंय त्याला."

"मग उर्मट आहे."

"तसा वाटत नाही हो."

तिसऱ्या दिवशी हारुनने बॅटरीवरचा भोंगा दिला, पोलीसगाडीसारखा ओरडणारा. त्या भोंग्याने तिच्या मागे तीन कुत्री लागली, आणि तो माणूस दगडासारखा. मग रबरी पोंगा. काही नाही. मग जरा जाड वाटीची, एकच ठोका देणारी घंटी. तर म्हणे मान आणखी वळली, कानाची पाळी दिसली, आणि परत सरळ.

"हारुनशेठ," भिकन गाडीवरून म्हणाला, "मानूस बहिरा असंल. घंटी कशाला देता पोरीला, ढोल बांधून द्या."

"तू चहात साखर टाक आधी," हारुन खेकसला. खेकसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण रोज एक घंटी काढा, एक बसवा, हँडलवर पकडीचे ओरखडे पडतायत, आणि गिऱ्हाईक दारात तसंच तोंड पाडून उभं. दुकानदाराला तोट्याचा त्रास होत नाही एवढा या गोष्टीचा होतो. वस्तू चांगली, गिऱ्हाईक चांगलं, आणि दोघांचं जमत नाही.

"दिसतो कसा तो?" त्याने वैतागून विचारलं. "म्हातारा आहे का?"

"पाठच दिसते. माकडटोपी, तपकिरी स्वेटर. चालतो जरा विचित्र. कंबर धरली असेल बहुतेक. असा." चैतालीने सायकल त्याच्याकडे सोडली आणि दुकानातल्या मोकळ्या जागेत चालून दाखवलं. डावा हात पुढे, छातीच्या खाली, मूठ वळलेली. उजवा हात जरा मागे, कमरेच्या उंचीला, पंजा पालथा. अंग किंचित उजवीकडे झुकलेलं.

भिकन हसला. हारुन नाही हसला.

ती चाल त्याने रोज पाहिली होती. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाची. एक हात हँडलला, एक सीटला.

"डावा हात जरा वर उचलतो का?" त्याने विचारलं. "मधून मधून? म्हणजे पुढचं जड काहीतरी उचलून धरावं तसं?"

चैताली त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही पाहिलंय का त्याला?"

"नाही," हारुन म्हणाला. पुढच्या चाकात हवा नसली की माणूस तसं करतो, ट्यूब चिरडू नये म्हणून. हे तो बोलला नाही. "आवाज येतो का काही?"

"टिकटिक येते. पण ती माझ्याच सायकलची असेल ना? मी तेव्हा ती ढकलत असते."

हारुनने तिच्या सायकलचं मागचं चाक उचललं आणि फिरवलं. चाक गरगर फिरलं. गेल्या महिन्यात त्यानेच घट्ट ग्रीस भरलं होतं. टिकटिक अजिबात नव्हती.

"कुंपणावरून येत असेल," तो म्हणाला. "आवाज कुठून कुठे जातो थंडीत."

३

माणसाने न पाहता कशावर विश्वास ठेवू नये आणि न पाहता कशाला घाबरूही नये, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी हारुन स्वतः गेला. चैतालीची त्या दिवशी सुट्टी होती. पहाटेची फजरची नमाज झाली, मफलर गुंडाळला, आपली जुनी सायकल काढली आणि वडाळागावाच्या बाहेर पडला.

पाटात पाणी नव्हतं. धुकं मात्र पाटातून वाहत असल्यासारखं होतं. फिरायला निघालेली दोन माणसं भेटली, ती घंटीबरोबर बाजूला झाली. दूधवाला भेटला, त्याने हात केला. एक शेळी भेटली, तिने सुद्धा वाट दिली. तो मोरीपर्यंत गेला, परत आला, परत गेला. तपकिरी स्वेटर नाही, माकडटोपी नाही. हारुनला आपलाच राग आला. एका पोरीच्या बोलण्यावर या वयात थंडीत दात वाजवत फिरतोय. दुकान उघडायची वेळ टळली.

मोरीजवळ तो लघवीला उतरला, तेव्हा खाली पाहिलं. दवाने रस्त्याकडेची माती मऊ झाली होती आणि तिच्यात एक पट्टा उमटला होता. हवा गेलेल्या टायरचा पट्टा रुंद असतो, दोन्ही कडा खोल आणि मधला भाग फिका, आणि वॉल्व्ह येतो तिथे दर वेळी एक ठसा. हे वाचायला हारुनला चष्मा लागत नव्हता. पट्ट्याच्या डाव्या बाजूला चालणाऱ्याची पावलं होती.

असतील. या रस्त्याने कितीतरी सायकली जातात, एखादी पंक्चर होणारच.

फक्त तो ठसा जिथे संपत होता, तिथे काहीच नव्हतं. पट्टा थांबला होता, पावलं थांबली होती, टाचा खोल रुतल्या होत्या. माणूस बराच वेळ एका जागी उभा राहिला, की रुततात तशा. आणि माती अजून ओली होती.

हारुनने घंटी वाजवली नाही. सायकलवर टांग मारली आणि निघाला. मागे टिकटिक ऐकू येतेय का, हे ऐकायला नको म्हणून तो घरापर्यंत मोठ्याने खोकत गेला.

४

"दुसरा रस्ता सांगा तिला," त्याची बायको रेहाना म्हणाली. ती पोळ्या लाटत होती आणि हारुन तिच्यासमोर स्टुलावर बसून चहात बोट घालून बघत होता, थंड झाला का. "घंटी कशाला देत बसलात?"

"दुसरा रस्ता ट्रकचा आहे."

"मग वडिलांनी सोडावं."

"ते गुडघ्याने अधू आहेत. आणि तिची नोकरी गेली तर घरात बसणार सगळे." त्याने चहातून बोट काढलं. "अगं, माझ्या दुकानातून पोरगी रोज तोंड पाडून जाते. आयुष्यभरात असं झालं नाही."

"इन्शाचे अब्बा, तुम्हाला तिचं पडलंय की दुकानाचं?"

हारुन उठून माळ्यावर चढला. अब्बांच्या वेळचा जुना माल एका पत्र्याच्या पेटीत होता. मेणकागदात गुंडाळलेली एक घंटी त्याला आठवत होती. ती निघाली. जाड पितळ, हातात घेतली तर तांदळाच्या मापासारखी भरीव. वर काही नक्षी नाही, नाव नाही. अब्बांनी ही कधी विकली नव्हती. गिऱ्हाईक मागायचं, तेव्हा ते म्हणायचे, ही नको, दुसरी घ्या. का, ते हारुनने कधी विचारलं नव्हतं. चांगली वस्तू हातची सोडवत नाही, अशी प्रत्येक दुकानदाराकडे एखादी असते.

त्याने माळ्यावरच एकदा खटका दाबला.

आवाज मोठा नव्हता. पण खाली रेहानाचं लाटणं थांबलं.

"कोण आलंय?" तिने विचारलं.

"कुणी नाही. मी आहे."

"मला वाटलं मला कुणी हाक मारली."

हारुनने घंटीवर हात ठेवला. आवाज पितळात बराच वेळ थरथरत होता. भीती वाटायला हवी होती, पण दुकानदार माणूस. त्याला आधी आनंद झाला. हा आवाज ऐकून मान न वळवणारा माणूस पैदा व्हायचा होता.

५

मोज्यातल्या अंगठ्यासाठी खटका लांब करून त्याने ती चैतालीच्या सायकलला बसवली. बसवताना दोनदा थांबला. पट्टीचा स्क्रू शेवटचा पिळायच्या आधी म्हणाला, "बेटा, चार दिवस रिक्षाने का जात नाहीस?"

"रोज अंबडपर्यंत रिक्षा? चाचा, मग नोकरी कशाला करायची?"

ते खरंच होतं. त्याने स्क्रू पिळला, हात पुसले आणि सवयीप्रमाणे जे म्हणायचं ते म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपार होईपर्यंत हारुनने भिकनचा चहा इतक्या वेळा मागवला, की भिकन म्हणाला, "शेठ, पोट जळंल. लय झालं आता." चैताली आली ती सायकलवरून न उतरता, एक पाय फुटपाथवर टेकून. चेहरा उजळलेला.

"जमलं, चाचा. रस्ता मोकळा."

"सरकला?"

"वळला. पूर्ण वळला. मी दोनदा वाजवली तर थांबला, मग हळूहळू वळला. सायकल वळवताना आपण कसे गोल घेतो ना, तसा. मी घाबरले होते, खरं सांगते. पण साधा माणूस आहे हो. माझ्या बाजूने निघून गेला, शहराकडे. जाताना बोललासुद्धा."

"काय बोलला?"

"घंटीकडे बघत होता. विचारलं, कुठून बसवली?"

दुकानात कुठेतरी पंपातून हवा गळत होती.

"मग?" हारुन म्हणाला.

"मग काय, तुमचं नाव सांगितलं. वडाळा नाका, चहाच्या गाडीसमोर." ती हसली. "आता तरी खूश व्हा की. आज वेळेच्या आधी पोचले मी. सुपरवायझर घड्याळाकडे बघत राहिले."

"खूश आहे," हारुन म्हणाला. "चेहरा पाहिलास त्याचा?"

"धुकं होतं ना." तिने पाय पॅडलवर ठेवला. "दमलेला वाटला. आणि मला म्हणाला, बाई, तू पुढे जा. थांबू नको."

६

पुढचे काही दिवस हारुनच्या जन्मात गेले नव्हते तसे गेले. दारात सावली पडली की तो दचकायचा. कुणी सायकल घेऊन आलं तर आधी हातांकडे बघायचा, मग सायकलकडे. एका मास्तरांची सायकल त्याने हातात घेतलीच नाही, "लावा तिकडे" म्हणाला. मास्तर चकित होऊन बघत राहिले. रेहानाने विचारलं तर तो चिडला. भिकनने विचारलं तर त्याच्यावरही. चैताली रोज दुपारी हात हलवून जायची, घंटी वाजवायची, आणि त्या आवाजाला नाक्यावरची सगळी माणसं एकदम वळायची. तिला त्याची गंमत वाटायची. हारुन मान खाली घालून बसायचा.

तो स्वतःला समजवायचा. पाटावर चालणारा एक दमलेला माणूस. वेडसर असेल. कधीकाळी सायकल असेल, गेली असेल चोरीला, आणि सवय हातात राहिली असेल. सुरगाण्याचा एक म्हातारा नव्हता का आला, सायकल नसताना घंटी मागायला? सगळे हसले, आणि त्याला ती गाईच्या गळ्यात बांधायची होती. प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण असतं. आपण विचारत नाही एवढंच.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज करून तो आला. नाक्यावर सुस्ती होती. भिकन गाडीखाली पाय पसरून मोबाइल बघत होता. हारुन एका चाकाच्या तारा आवळत होता, चाक फिरवून कानाशी धरत होता. तार सुरात आली की तो चाक थांबवायचा.

त्याने चाक थांबवलं. टिकटिक थांबली नाही.

ती बाहेरून येत होती. आणि तिच्याबरोबर दर फेऱ्याला एक मऊ आवाज. थप. जरा वेळाने परत थप. हवा गेलेल्या टायरचा वॉल्व्ह जमिनीला टेकतो तो. हारुनला अचूक कळलं, की आता उंबऱ्यापाशी चाक अडणार आणि हँडल उचलावं लागणार. चाक अडलं. हँडल उचललं गेलं.

दारात उजेडाच्या आड एक माणूस उभा होता. माकडटोपी, तपकिरी स्वेटर. डावी मूठ पुढे, उजवा पंजा मागे, आणि मधे काही नाही. मधून हारुनला रस्ता दिसत होता, भिकनचे पाय दिसत होते.

हारुनने ठरवलं होतं. उठायचं नाही, बोलायचं नाही. पण ठरवणं डोक्यात असतं. हातांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

"या," त्याचं तोंड म्हणालं. "द्या इकडे."

आणि तो उठला, एक हात पुढे घातला, एक मागे.

वजन आलं. थंडगार, खरं, जुन्या पोलादी सायकलचं वजन. डाव्या हाताला रबरी मुठीच्या खाचा लागल्या. उजव्याला चामड्याची सीट, भेगाळलेली, दवाने ओली. सायकल त्याच्या अंगावर कलली, तसा त्याने सवयीने तिला मांडीचा टेकू दिला. अंगठा आपोआप घंटी शोधायला गेला. तिथे घंटी नव्हती. पकडपट्टीच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला एक कंगोरा होता.

माणसाचे हात मोकळे झाले होते, पण मुठी उघडल्या नव्हत्या. बोटं वळलेलीच होती. तळव्यात त्याच खाचा उमटलेल्या दिसल्या, कणकेत दाबल्यासारख्या. टोपीच्या आत काय आहे ते हारुनला पुरतं दिसलं नाही. डोळे तेवढे दिसले, आणि ते ओले होते. घरच्या माणसाची माफी मागताना होतात, तसे.

"मी वळणार नव्हतो, शेठ," तो म्हणाला. "फार चांगली घंटी होती."

मग पाठ फिरवून, वळलेल्या मुठी तशाच पुढे-मागे धरून तो पायरी उतरला. उतरताना जे प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं ते म्हणाला.

"एवढी घंटी बसवून ठेवा. आलोच."

७

हारुन उभा राहिला. पायाने स्टँड शोधला, सापडला नाही. भिंतीला टेकवावी म्हटलं तर भिंतीला काही टेकेना; सगळं वजन त्याच्याकडेच यायचं. सोडून द्यावी, असं त्याला क्षणभर वाटलं. बोटांना ते मान्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यालाही नव्हतं. गिऱ्हाइकाचा माल आहे.

"काय शेठ," भिकन उठून आला, "कंबर धरली काय? द्या, धरतो मी." आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

नुसतं "धर" म्हणायचं होतं. भिकनने जन्मभर हारुनला चहात पाणी घालून पाजलं होतं. एक शब्द बोलला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं.

"लांब हो," हारुन म्हणाला. "हात लावू नको. मी देऊन येतो त्याची त्याला."

"कोनाची? काय?"

हारुनने उंबऱ्यापाशी हँडल उचललं आणि रस्त्यावर उतरला. माणूस नाक्याच्या पलीकडे दिसत होता, वडाळागावाच्या दिशेने. मग नव्हता दिसत. खिशात फोन वाजला. रेहानाचा असणार. हात मोकळा नव्हता. फोन वाजून थांबला, परत वाजला. पुढे कधीतरी वाजायचा राहिला. दुपार गेली, रात्र गेली, परत उजाडू लागलं.

पाटात पाणी नव्हतं. धुकं होतं. पुढचं चाक जड जात होतं, म्हणून तो मधून मधून डावा हात उचलत होता. पुढे तपकिरी स्वेटर दिसेल, आत्ता दिसेल, असं म्हणत तो चालत होता. वैताग आला होता. एवढा की रडू येईल. एक स्टँड नाही, एक घंटी नाही, आणि रस्ता एवढा अरुंद, की सायकल धरून चाललं तर मागच्याला जागाच राहत नाही.

मग ती वाजली.

मागे, जरा लांब. त्याने माळ्यावर ऐकली होती तीच. पितळात थरथरत राहणारी. कानातून नाही, मानेच्या मणक्यातून आत येणारी. कुणीतरी आपल्या माणसाने हाक मारावी तशी.

"अहो काका," चैतालीचा आवाज आला. "जरा बाजूला व्हा ना. उशीर होतोय."

चाचा नाही म्हणाली. काका म्हणाली.

त्याच्या तोंडात सगळं तयार होतं. बेटा, मी आहे. बेटा, थांब, ही जरा धर. ती चांगली पोर होती. म्हाताऱ्याला त्रास होतोय म्हटल्यावर आधी स्वतःची सायकल टेकवली असती आणि दोन्ही हात पुढे केले असते. त्याला फक्त वळायचं होतं.

तो माकडटोपीवाला बहिरा नव्हता, उर्मटही नव्हता, हे हारुनला आता कळलं. केवढी ताकद लागत असेल रोज.

घंटी दुसऱ्यांदा वाजली. हारुनने मुठी आवळल्या, मान ताठ धरली आणि मोरी किती लांब आहे ते बघत चालत राहिला. मानेचा एक स्नायू आपोआप तिच्याकडे ओढत होता, आणि मागून ती परत अंगठा खटक्यावर ठेवत होती. मोज्यातून नीट बसावा म्हणून त्यानेच लांब करून दिलेल्या खटक्यावर.